न भरणारी टाकी

नवं घर बांधून वास्तुशांत उरकलेल्या कुणालाही खर्च विचारा, फरशीचा भाव तोंडपाठ असतो. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, मुख्य दाराचं सागवान, पीओपी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळे आकडे धडाधड बाहेर येतात. मग हळूच विचारा, संडासाच्या टाकीला किती लागले? माणूस थबकतो. "ते ठेकेदाराकडेच होतं, स्क्वेअर फुटाच्या भावात धरलेलं." लांबी, रुंदी, खोली? आठवत नाही. टाकीतून बाहेर पडणारं पाणी कुठे जातं? "जिरतं की जमिनीत." आणि एवढं झाल्यावर बहुतेक घरमालक एक गोष्ट अभिमानाने सांगतात: "दहा वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही."

गवंडीही हेच विकतो. "आपली सेफ्टी टँक भरतच नाय, गॅरंटी." ही गॅरंटी महाराष्ट्रात गावोगाव ऐकायला मिळते आणि तिच्यावर खूश होऊन लोक पैसे मोजतात. खरं म्हणजे ती ऐकल्याबरोबर गवंडी बदलावा.

हिशेब साधा आहे. आपल्याकडच्या मलनिःसारणाच्या अभियांत्रिकीत टाकीत साठणारा गाळ माणशी वर्षाला सुमारे ७७ लिटर धरतात. पचून, कुजून, आटून शेवटी तळाशी उरतो तो एवढा. घरात पाच माणसं असतील तर वर्षाला ३८० लिटर, दहा वर्षांत ३८०० लिटर. घरगुती टाकी हजार ते दोन हजार लिटरची असते. मग तो गाळ गेला कुठे? दोनच शक्यता आहेत. एक तर टाकीला तळच नाही, किंवा भिंती गळतात. नाही तर टाकी केव्हाच भरली आहे आणि वरून येणारा मैला जसाच्या तसा पुढच्या खड्ड्यात, गटारात, ओढ्यात चालला आहे. दोन्ही बाबतींत घरमालकाला वर काही दिसत नाही. दिसलंच तर शेजाऱ्याच्या विहिरीत दिसतं, आणि तेही डोळ्यांना नव्हे.

टाकी म्हणजे मैला साठवायची कोठी, हा समज सगळ्या घोळाच्या मुळाशी आहे. टाकीचं काम आहे पाणी एक-दोन दिवस स्वस्थ बसवून ठेवायचं. पाणी हललं नाही की जड ते तळाशी बसतं, तेलकट-हलकं ते वर तरंगून त्याची घट्ट साय धरते, आणि मधल्या थरातलं काळपट पाणी तेवढं दुसऱ्या टोकाच्या नळीतून बाहेर पडतं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जीवाणू काम करत राहतात आणि त्याचं आकारमान कमी करतात. त्यातून वायू सुटतो, त्यासाठी वरचा पाइप. म्हणून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही नळ्यांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड लागतो. त्याचं खालचं तोंड पाण्यात बुडलेलं हवं. तो नसेल तर वरची साय सरळ बाहेर निघून जाते. काहीशे रुपयांची ही वस्तू आहे, आणि जुन्या टाक्या उघडल्या की हमखास गायब असते ती हीच.

एवढं सगळं नीट झालं तरी टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. त्यातली सेंद्रिय घाण साधारण तीस ते पन्नास टक्के कमी झालेली असते. रोगजंतू मात्र पुष्कळसे शाबूत असतात. उरलेलं काम माती करते. तेव्हा टाकी हा अर्धाच भाग झाला. दुसरा अर्धा म्हणजे शोषखड्डा, आणि आपल्याकडे खर्चाला कात्री लागते ती नेमकी तिथे.

ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी आहे. फ्रान्समधल्या वेसूल गावच्या झाँ-लुई मुरास यांनी अशा टाकीचं पेटंट घेतलं ते १८८१ मध्ये. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये तिला 'सेप्टिक टँक' हे आजचं नाव आणि रूप दिलं. आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात अशी टाकी होती. शिवाय तिच्यातला वायू गोळा करून तो वापरायची सोय होती. शौचालयाच्या वायूचा जगातला हा अगदी सुरुवातीचा वापर मानला जातो. आज ते रुग्णालय वडाळ्यात ॲकवर्थ यांच्या नावाने आहे. हे हॅरी ॲकवर्थ म्हणजे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर, आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीने मराठी पोवाडे गोळा करून छापणारे गृहस्थ. एकाच माणसाच्या खाती पोवाड्यांचं संकलन आणि कुष्ठरुग्णांची वसाहत, असे अधिकारी पुन्हा फार झाले नाहीत.

आता पैशांकडे येऊ. भारतीय मानक २४७० प्रमाणे घरगुती टाकीची आतली रुंदी निदान ७५ सेंटिमीटर आणि पाण्याची खोली निदान एक मीटर हवी. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. पाण्याच्या वर फूटभर जागा मोकळी. पाच माणसांसाठी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, एक मीटर पाण्याची टाकी मानकात बसते. पण ती दरवर्षी उपसायची या हिशेबाने आहे. आपल्याकडे दरवर्षी कुणी उपसत नाही, तेव्हा थोडी मोठी बांधलेली बरी. आतून सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट पाणी. ही सुमारे २००० लिटर झाली. गाळ आणि साय मिळून निम्मी खोली व्यापली की उपसायची, हा नियम धरला तर पाच माणसांना जवळजवळ पावणेतीन वर्षं पुरते. आत एक आडभिंत घालून दोन कप्पे करावेत, पहिला दोन तृतीयांश, दुसरा एक तृतीयांश. मानकात ही सक्ती दोन हजार लिटरच्या वरच्या टाकीला आहे, पण आडभिंतीला विटा त्या किती लागणार!

देशावरच्या तालुक्याच्या गावी चालू भाव धरून अशा टाकीचा अंदाज काढला तर तो साधारण असा येतो. खोदाईला जेसीबी अडीच-तीन तास, साडेतीन हजार. नऊ इंची भिंतीला तेराशेच्या आसपास विटा, अकरा-बारा हजार. सिमेंट पंधरा पोती, सहा हजार. क्रशसँड आणि खडी सात हजार. वरच्या स्लॅबला सळई तीन हजार. एक गवंडी, दोन बिगारी, पाच दिवस, अकरा हजार. पाइप, टी, चेंबरची झाकणं, वरचा वायूचा पाइप, साडेचार हजार. बेरीज सत्तेचाळीस हजारांच्या घरात. शोषखड्ड्याचे आणखी दहा-बारा हजार. म्हणजे साठ हजारांच्या आतबाहेर. हे भाव गावागणिक आणि महिन्यागणिक हलतात. खोदताना काळा पाषाण लागला आणि ब्रेकर लावावा लागला, तर खोदाईचा आकडाच तिप्पट होऊ शकतो. हजार फुटांच्या घराला वीस लाख धरले तर टाकी आणि खड्डा मिळून तीन टक्के. ट्रॉल्यांना याहून जास्त गेलेले असतात.

आता ठेकेदार हेच काम पस्तीस हजारांत कसं करतो ते पाहा. तळाला काँक्रीट घालत नाही, "मुरूम आहे, आपोआप बसतो". आतून गिलावा एकच हात. आडभिंत नाही, टी नाही. झाकणाला शहाबादी फरशीचे तुकडे. आणि शोषखड्डा? टाकीतून एक पाइप काढून थेट ओढ्याला किंवा गटाराला. नाही तर मुळात टाकीलाच भोकं ठेवायची. मग ती कशाला भरेल!

यात ठेकेदाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरमालकाने मागितलेलं असतं तेच तो देतो. घरमालकाने मागितलेली असते न भरणारी टाकी.

शोषखड्ड्यात तसं अवघड काही नाही. तीन-चार फूट व्यासाचा, सहा-सात फूट खोल खड्डा. भिंतीला मधे मधे सांधे मोकळे ठेवून रचलेल्या विटा, किंवा विटा न रचता सगळा गोट्यांनी भरलेला. अवघड आहे ती त्याची जागा. तो राहत्या घरापासून सहा मीटर आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-बोअरपासून अठरा मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट, लांब असावा असं मानक सांगतं. खड्ड्याचा तळ भूजलाच्या बराच वर हवा.

हे साठ फूट आता गुंठेवारीत ठेवून बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौकोनी प्लॉट असेल तर ३३ बाय ३३. त्याचा कर्ण निघतो पावणेसत्तेचाळीस फूट. म्हणजे एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, मधे घर उडवूनच लावलं, तरी नियम पाळता येत नाही! दोन गुंठ्यांच्या ३३ बाय ६६ प्लॉटमध्ये कर्णावर चौऱ्याहत्तर फूट मिळतात, पण पलीकडच्या शेजाऱ्याचा बोअर त्याच कुंपणाला लागून असतो. त्यात वास्तुशास्त्र. बोअर ईशान्येला, टाकी वायव्येला. दोन्ही कोपरे उत्तरेच्याच बाजूला, म्हणजे एका गुंठ्यात तेहतीस फुटांच्या आत. नैर्ऋत्येला टाकी घेतली असती तर निदान कर्ण तरी हाती लागला असता. शहरांच्या कडेला एनए न झालेल्या जमिनीत जे शेकडो प्लॉट पाडले जातात, तिथे प्रत्येकाचा बोअर आणि प्रत्येकाची टाकी एकमेकांच्या कुशीत आहेत. तिथे कुणाच्या घरात वारंवार जुलाब का होतात, याचं उत्तर हॉटेलच्या वडापावमध्ये शोधायची गरज नाही.

जमीन तरी सगळीकडे सारखी कुठे आहे? कोकणात जांभा. सच्छिद्र, पाणी पटकन पिणारा. तिथे खड्डा कधी तुंबत नाही म्हणून लोक समाधानी असतात. पण जांभा जेवढ्या सहज पाणी पितो, तेवढ्याच सहज ते पुढच्या विहिरीला देतो. मातीतून हळूहळू झिरपताना जंतू गाळले जातात, भेगांतून धावणारं पाणी गाळलं जात नाही. वर पावसाळ्यात भूजल एवढं चढतं की शोषखड्डा स्वतःच विहीर होतो. अशा जागी खड्डा खोल घेण्यापेक्षा उथळ आणि पसरट चर घेतलेला बरा. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात याच्या उलट. काळी माती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या ओढाताणीत टाकीच्या भिंतीही तडकतात. तिथे काळी माती काढून, खाली मुरूम लागेपर्यंत जाऊन, भोवती मुरूम-वाळूची भर घालावी लागते.

तुमच्या जमिनीत काय आहे हे कळायला भूगर्भशास्त्रज्ञ नको. शोषखड्डा जिथे घ्यायचा तिथे तेवढ्या खोलीवर एक लहान भोक घ्यायचं, रात्री पाणी भरून माती भिजू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून पट्टी आणि घड्याळ घेऊन बसायचं. सेंटिमीटरभर पाणी उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर साधा शोषखड्डा तिथे चालायचा नाही. टाकीच्या पुढे खडीचा फिल्टर किंवा केळी-कर्दळीची चर अशी काहीतरी सोय करावी लागेल. या चाचणीला एक सकाळ जाते, खर्च शून्य. इतकी घरं बांधली जाताना पाहिली, ही चाचणी करणारा घरमालक मला अजून भेटलेला नाही.

मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी टाकीत सोडू नये, हे मात्र लोक बऱ्यापैकी पाळतात. परसातल्या अळूला आणि केळीला ते पाणी द्यायची आपली जुनी रीत आहे, आणि नांदेड जिल्ह्यात तर या सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांची मोठी मोहीमच झाली. गच्चीच्या पावसाचा पाइप टाकीला जोडणारे महाभागही असतात. पहिल्याच मोठ्या पावसात सगळा गाळ उसळून बाहेर येतो.

बाजारात तयार प्लास्टिकच्या आणि सिमेंटच्या टाक्या मिळतात. काम एका दिवसात होतं, गळतीचा प्रश्न कमी. पण प्लास्टिकची टाकी बसवताना ती पाण्याने भरत भरत बाजूने माती लोटायची असते. रिकामी ठेवून माती लोटली तर दबते, आणि पावसाळ्यात भूजल चढलं तर चक्क तरंगून वर येते. कंपनीच्या माहितीपत्रकात पुढच्या शोषखड्ड्याचा उल्लेख असला तरी बारीक अक्षरात असतो. जीवाणूंची पावडर, गूळ, यीस्ट यांतलं काही घालायची गरज नसते. जीवाणू आपल्या पोटातूनच येतात. ॲसिड आणि फिनेल ओतून त्यांना मारलं नाही म्हणजे झालं. वायूच्या पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा, डास आत जाऊन अंडी घालतात. आरोग्यसेवक दरवर्षी हे सांगून जातो.

गावात, जिथे परसात जागा आहे आणि भूजल खोल आहे, तिथे टाकी बांधूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन खड्ड्यांचा संडास तिच्यापेक्षा स्वस्त आणि चांगला. मीटरभर व्यासाचे, मीटरभर खोल, मोकळ्या सांध्यांच्या विटांचे दोन खड्डे, मधे वाय आकाराचं चेंबर. एक भरला की चेंबरमधली वाट दुसऱ्याकडे वळवायची. दुसरा भरेपर्यंत दोन-तीन वर्षांत पहिल्याचं खत होतं. कोरडं, वासाशिवायचं, फावड्याने काढून झाडांना घालता येईल असं. मात्र घाई करायची नाही, दीड-दोन वर्षं खड्डा झाकलेला राहायला हवा. स्वच्छ भारत अभियानात १२ हजारांचं जे अनुदान मिळालं, त्यात बसतील असे हेच खड्डे होते. पण पैसेवाल्यांच्या घरी टाकी असते, म्हणून ज्याने त्याने पदरचे पैसे घालून टाकी बांधली. आणि मग ती उपसायला गाडी गावात येत नाही.

इथे कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन आठवायलाच हवेत. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारा संडास उभा केला. मैला कुणाला हाताने उचलावा लागू नये आणि तो वायाही जाऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. तोच धागा पुढे देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी धरला. देहूच्या घरोघरी संडास व्हावेत म्हणून ते आयुष्यभर झटले, संडासाला जोडलेले बायोगॅस संयंत्र त्यांनी रुळवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गल्लीतल्या गवंड्याला या दोघांची नावं माहीत नसतात.

टाकी आणि शोषखड्डा यांच्या पलीकडचा तिसरा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो, तो म्हणजे उपसण्याचा. पैशांत तो फार नाही. व्हॅक्युम टँकरची गाडी लहान शहरात एका फेरीला दीड ते तीन हजार घेते. मात्र गाडीची नळी पोचेल अशी वाट हवी आणि झाकण उघडता यायला हवं. झाकणावर पेव्हर ब्लॉक, जिन्याची पायरी किंवा तुळशीवृंदावन बांधून मोकळे झालेले घरमालक कमी नाहीत. मग गाडी परत जाते आणि नाक्यावरून दोन माणसं आणली जातात, हजार-दोन हजारांत, बादली आणि दोर घेऊन.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात, प्राणवायू नसतो. उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात अशाच एका टाकीत पाच जण गेले. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवायला बंदी आहे. ही बंदी ठेकेदारापुरती नाही, थेट वा आडून काम देणाऱ्या घरमालकालाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूंसाठी ती तीस लाख केली. उतरणारी माणसं कोणत्या जातींची असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. टाकी बांधताना मात्र कुणी तो विचार करत नाही.

गाडी आली तरी ती गाळ कुठे नेऊन ओतते? बहुतेक ठिकाणी अंधार पडल्यावर, ओढ्यात किंवा माळावर. म्हणून वाईचं उदाहरण महत्त्वाचं. कृष्णाकाठचं हे शहर, भुयारी गटार नाही, घरोघरी टाक्या. वाई नगरपालिकेने २०१८ च्या सुमारास नागरिक बोलावतील तेव्हा जायची पद्धत सोडली आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीने उपसायला सुरुवात केली. पैसे घरपट्टीबरोबरच्या स्वच्छता करातून. गाळासाठी प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, रोज ७० हजार लिटर क्षमतेचं. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट धरली. सेप्ट विद्यापीठातल्या लोकांची दोन्हीकडे मदत होती. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी घरांपैकी जेमतेम एक तृतीयांश गटाराला जोडलेली होती, ३८ टक्के टाकीवर होती. सगळ्यांना भुयारी गटार मिळेल तेव्हा मिळेल. तोवर वाईला जमतं ते इतरांना न जमायला कारण नाही. नगरसेवकाकडे पेव्हर ब्लॉक मागण्याऐवजी हे मागा.

आणि घरी टाकी असेल, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल, तर या महिन्यात दोन कामं करा. पहिलं, टाकीचं झाकण उघडायला लावा. आधी बराच वेळ हवा खेळू द्या, जवळ विडी-काडी नको, डोकं आत घालू नका. लांब काठीला खरखरीत फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला आणि बाहेर काढून गाळाची खूण किती उंच आली आहे ते पाहा. निम्म्याच्या वर असेल तर गाडी बोलवा. काहीच गाळ लागला नाही, तर तुमच्या टाकीला तळ नाही. दुसरं, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठून पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्या.